तेच इंजेक्शन त्या दादांना लागू पडलं, मला नाही: सोरायटिक आर्थरायटिसचा माझा अनुभव

मी कराडला राहते, घरीच ब्लाऊज शिवते, वय ४६. २०२१ च्या पावसाळ्यात उजव्या हाताचं मधलं बोट सुजलं, नुसता सांधा नाही तर अख्खं बोट मुळापासून टोकापर्यंत जाडजूड, काज करायला सुई धरली की डोळ्यात पाणी यायचं. त्याआधी वर्षभर टाच दुखत होती, सकाळी उठल्यावर पाय टेकवता यायचा नाही, सासूबाई रुईचं पान ठेवून गरम विटेने शेकायच्या, तेवढ्यापुरतं बरं वाटायचं. एका डॉक्टरांनी युरिक ॲसिडची गोळी दिली, दुसरे म्हणाले टाचेचं हाड वाढलंय, आणि आरए फॅक्टर ही संधिवाताची रक्ततपासणी निगेटिव्ह आली तेव्हा तर तुम्हाला संधिवात नाहीच म्हणून सांगितलं. दीड वर्ष असं गेलं. डोक्यात कोंडा होता, पण त्याचं कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कोंड्याचा आणि टाचेचा संबंध असेल हे मला कुठून माहीत असणार.

शेवटी पुण्याला ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे संधिवाताच्या डॉक्टरांकडे गेले. मॅडमनी आधी रिपोर्ट बघितलेच नाहीत, माझी नखं बघितली. नखांवर बारीक बारीक खळगे होते, आमच्या अंगुस्तानावर असतात ना अगदी तसे. मग केस बाजूला करून टाळू बघितली, कानामागे बघितलं आणि म्हणाल्या हा कोंडा नाही, सोरायसिस हा कातडीचा आजार आहे, आणि बोट नि टाच त्याचाच भाग आहे, सोरायसिससोबत येणारा हा संधिवात म्हणजे सोरायटिक आर्थरायटिस. या आजारात बहुतेकांचा आरए फॅक्टर निगेटिव्हच असतो हे मला तिथे कळलं.

मेथोट्रेक्सेटची गोळी सुरू झाली, आठवड्यातून एकदाच. हे मी मुद्दाम लिहितेय कारण ही गोळी चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं, मी कॅलेंडरवर दर सोमवारी गोल करायचे. पण माझं लिव्हर आधीच फॅटी, डोस वाढवला की एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वर जायचा, म्हणून पूर्ण डोसपर्यंत पोचताच आलं नाही. मग टीबीची आणि कावीळ बी-सी ची तपासणी, छातीचा एक्स-रे करून अडालिमुमॅबचं इंजेक्शन ठरलं. २०१४ च्या शेवटी भारतात त्याची बायोसिमिलर, म्हणजे मूळ औषधासारखीच दुसऱ्या कंपनीची स्वस्त इंजेक्शनं, आली म्हणून निदान विचार तरी करता आला, तरी दोन भिशा मोडल्याच. इंजेक्शन बर्फाच्या डब्यात घेऊन यायचं, २ ते ८ डिग्रीत ठेवायचं, आणि दर पंधरा दिवसांनी मुलगी टोचायची.

त्याच दरम्यान ओपीडीत एक दादा भेटायचे, तिशीतले, सडपातळ, दोन्ही गुडघे टम्म सुजलेले. आमचं इंजेक्शन एकाच महिन्यात सुरू झालं. दीड महिन्यात ते जिना चढायला लागले आणि मी चार महिन्यांनीही टाचेखाली उशी घेऊन झोपत होते. माझी कातडी साफ झाली, बोट निम्मं उतरलं, पण बाकी दुखणं तसंच. मला वाटलं मीच काही चुकतेय, पथ्य चुकतंय, इंजेक्शन गरम झालं असेल. रात्री रडू यायचं.

मॅडमना सरळ विचारलं, त्यांना लागू पडतं मग मला का नाही. त्या पंधरा मिनिटं बोलल्या आणि ती पंधरा मिनिटं मला आजपर्यंतच्या सगळ्या औषधांइतकीच उपयोगी पडली. म्हणाल्या, डोस सगळ्यांना ४० मिलीग्रॅमच, ५५ किलोच्या माणसाला तेवढाच आणि तुम्हाला ८४ किलोला तेवढाच. वर चरबी म्हणजे नुसता साठा नसतो, ती स्वतः टीएनएफ नावाचं सूज वाढवणारं रसायन बनवते, आणि हे इंजेक्शन नेमकं तेच टीएनएफ अडवायला दिलेलं असतं. वजनावरून नातेवाइकांनी मला आयुष्यभर टोमणेच मारले होते, कारण समजावून सांगणारी ही पहिलीच बाई. दुसरं म्हणजे बाईमाणसाला या गटातली औषधं सरासरी कमी लागू पडतात आणि लवकर सोडावी लागतात, हे बऱ्याच देशांच्या नोंदींमधून दिसलंय. त्या दादांचा सीआरपी, म्हणजे रक्तातला सुजेचा आकडा, खूप वाढलेला होता, तसं असलं की टीएनएफवाल्या इंजेक्शनचा गुण जास्त येण्याची शक्यता असते, माझा पहिल्यापासून ४ च होता. सिगरेट, तंबाखूचंही विचारलं, डेन्मार्कच्या रुग्णांत सिगरेट ओढणाऱ्यांना गुण कमी आला होता म्हणून.

मग त्यांनी माझी पाठ, मान, दंड, मांड्या दाबून बघितल्या आणि झोपेचं विचारलं. कित्येक वर्षांत सलग झोप नव्हती. सोबत फायब्रोमायल्जिया आहे म्हणाल्या, ते दुखणं खरंच असतं पण ते सुजेमुळे नसतं, म्हणून इंजेक्शनने जात नाही, पण आजार किती उरलाय ते मोजताना मात्र धरलं जातं. टाचेची सोनोग्राफी केली तर तिथे अजून सूज दिसली, म्हणजे काही दुखणं सुजेचं आणि काही दुसरं. हे वेगळं करून सांगितल्यावर मला फार हलकं वाटलं.

पुढे दोन गोष्टी एकदम केल्या. इंजेक्शन बदललं, टीएनएफऐवजी आयएल-१७ हे सुजेचं दुसरं रसायन अडवणारं सेक्युकिनुमॅब, ३०० मिलीग्रॅम, सुरुवातीला दर आठवड्याला आणि मग महिन्यातून एकदा. आणि वजन. मॅडमनी इटलीतला २०१४ चा अभ्यास सांगितला होता, टीएनएफची इंजेक्शनं घेणाऱ्या जाड लोकांत ज्यांनी ५ टक्के किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात आजार आटोक्यात येणारे जास्त निघाले. माझे ५ टक्के म्हणजे चार किलो, एवढं ऐकून धीर आला, वीस किलो म्हणाल्या असत्या तर मी घरीच बसले असते. टाचेमुळे चालता येत नव्हतं म्हणून आधी फिजिओकडची बसून चालवायची सायकल, पायमशीनला मोटर बसवली, चहातली साखर बंद, रात्री अर्धी भाकरी आणि पालेभाजी, अकराला दिवा बंद. तीन महिन्यांनी आमच्या कराडच्या नदीकाठी, प्रीतिसंगमावर एक फेरी मारता आली. सात महिन्यांत ८४ चे ७७ झाले. यातला किती गुण इंजेक्शनचा आणि किती वजनाचा हे मॅडमही सांगू शकत नाहीत, मलाही ठरवायचं नाहीये.

मधेच कोणी म्हणालं मला त्या दादांचंच औषध चालू ठेवायला हवं होतं, कोणी म्हणालं सगळं बंद करून काढा घे. ऐकलं नाही. स्वतःच्या मनाने काही बंद करू नका एवढंच सांगते, आणि तुमच्या डॉक्टरना वजन, झोप, लिव्हर, तंबाखू, आधीची औषधं हे न विचारताच सांगून टाका, लाज वाटली तरी.

आजार आटोक्यात आहे का हे बघायला सात गोष्टी मोजतात, त्यातल्या पाच बसल्या की झालं. आधी माझ्या तीनच बसायच्या, आता पाच बसतात. दुखणं शंभरात १५ पर्यंत आणि 'एकूण कसं वाटतंय' हे २० पर्यंत यायला पाहिजे, माझे दोन्ही आकडे अजून पस्तिशीच्या आसपास आहेत. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे, एसटी आता अर्ध्या तिकिटात आहे तेवढं बरं. वहीत प्रश्न लिहून ठेवलाय, हे उरलेलं दुखणं सुजेचं की दुसरं, आणि टाचेची सोनोग्राफी परत करायची का.