तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यांना प्रवेश दिल्यामुळे दर्जा घसरला का?

शिक्षणाच्या इतिहासाबद्दल लिहिते म्हटल्यावर हा प्रश्न येतोच, की पूर्वी विद्यापीठात फक्त हुशार लोकच जायचे, मग दारं सगळ्यांना उघडली आणि दर्जा गेला, बरोबर ना? माझं उत्तर नाही असं आहे. कारण पूर्वीची निवड हुशारीवर व्हायची हेच मुळात खरं नाहीये, परीक्षेत वरचे नंबर काढणाऱ्यांनाही बाहेर ठेवलं जायचं आणि तेही नियम करून.

केंब्रिजचंच बघा. १८३७ मध्ये जेम्स सिल्व्हेस्टर गणिताच्या ट्रायपॉस म्हणजे पदवीच्या परीक्षेत दुसरे आले, पण डिग्री नाही, कारण डिग्री घ्यायची तर आपण चर्च ऑफ इंग्लंडचे आहोत असं मान्य करावं लागायचं आणि सिल्व्हेस्टर ज्यू होते. केंब्रिजने त्यांना डिग्री दिली १८७२ मध्ये, तोपर्यंत ते नावाजलेले गणितज्ञ झाले होते.

बायकांचं तर त्याहून वाईट. १८९० मध्ये फिलिपा फॉसेटला त्याच परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलापेक्षा जास्त मार्क पडले, निकाल वाचताना तिचं स्थान त्याच्या वर म्हणून जाहीरही केलं, आणि तरी डिग्री नाही ती नाहीच. १८९७ मध्ये बायकांना पदवी द्यायचा प्रस्ताव आला तेव्हा विरोध करणाऱ्या मुलांनी सायकलवर बसलेल्या बाईचा पुतळा रस्त्यावर टांगला होता, प्रस्ताव दणकून पडला. मग १९०४ ते १९०७ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने या बायकांना पदव्या देऊ केल्या तेव्हा ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या सुमारे सातशे जणी बोटीने समुद्र ओलांडून तिकडे गेल्या, लोक त्यांना स्टीमबोट लेडीज म्हणायला लागले. अभ्यास इथे, परीक्षा इथे आणि पदवीसाठी दुसऱ्या बेटावर! ऑक्सफर्डने १९२० मध्ये पदव्या दिल्या, केंब्रिजने थेट १९४८ मध्ये. आणि आपल्याकडे, या दोघांच्या कितीतरी आधी, कलकत्ता विद्यापीठातून चंद्रमुखी बसू आणि कादंबिनी गांगुली १८८३ मध्येच बीए झाल्या होत्या.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो हार्वर्डच्या प्रकरणाचा. १९२० च्या दशकात तिथे प्रवेश परीक्षा पास होऊन येणारे ज्यू विद्यार्थी वाढायला लागले, अध्यक्ष लॉवेल यांना ते नको होतं, मग काय केलं तर निकषच बदलले, नुसते मार्क नकोत, मुलाचं चारित्र्य, व्यक्तिमत्त्व बघू, अर्जासोबत फोटो लावा, आणि ज्यू मुलांचं प्रमाण खाली आणलं. म्हणजे गुणवत्तेनं नको ती माणसं आत येतायत असं दिसलं की गुणवत्तेची व्याख्याच बदलायची.

आता दर्जाचं. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांना शिकायला सरकारी पैसे देणारा कायदा अमेरिकेत १९४४ मध्ये झाला, तेव्हा शिकागो विद्यापीठाचे प्रमुख हचिन्स आणि हार्वर्डचे प्रमुख कोनंट दोघांनीही हीच भीती घातली होती की कॉलेजं बिघडतील. सुमारे २२ लाख माजी सैनिक कॉलेजात गेले, त्यातले कितीतरी जण घरातून कॉलेजात जाणारे पहिलेच, आणि ते बाकीच्यांपेक्षा चांगले मार्क काढायला लागले, कोनंट यांनी नंतर स्वतःच त्यांचं कौतुक केलं.

अर्थात हा कायदा कागदावर सगळ्यांसाठी होता. दक्षिणेतल्या काळ्या सैनिकांना गोऱ्यांची कॉलेजं बंदच होती आणि त्यांच्यासाठीच्या कॉलेजांत जागा पुरत नव्हत्या. १९४८ मध्ये ओक्लाहोमा विद्यापीठाला जॉर्ज मॅक्लॉरिन या काळ्या शिक्षकाला कोर्टाच्या आदेशामुळे डॉक्टरेटसाठी प्रवेश द्यावा लागला, तेव्हा त्यांना वर्गाबाहेरच्या छोट्या खोलीत बसवलं, लायब्ररीत वेगळं टेबल, कँटीनमध्येही वेगळं टेबल. त्यांची मास्टर्स आधीच झालेली होती. सुप्रीम कोर्टाने हे सगळं बेकायदा ठरवलं ते १९५० मध्ये, एकमताने.