रविवारी येतो म्हणाला

मंगळवार, रात्रीचे साडेदहा.

चिकुनगुनियाचा ताप चार दिवसांत उतरला, पण तिसरा आठवडा लागला तरी सांधे ताळ्यावर नाहीत. सकाळी मूठ वळत नाही. चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. अशात रामबागेतला तो मुलगा (मुलगा कसला, बँकेतून निवृत्त झालाय!) परवा आला, पोहे खाल्ले आणि ३१२ पानांचं बाड ठेवून गेला. "मावशी, सवडीनं वाचा. रविवारी येतो." सवडीनं, आणि रविवारी!

विषय त्यांचं घराणं आणि इंदूर. जमणार नाही असं कळवायला मोबाइल घेतला. तीन ओळी टाइप करायला दहा मिनिटं लागली, आणि वाचून पाहिलं तर नुसतं दुखण्याचं रडगाणं. पुसून टाकलं. खरं तर धडधाकट असते तरी टाळलंच असतं. घराण्यांचे इतिहास मला सोसत नाहीत. ज्याचा त्याचा पूर्वज मल्हाररावांच्या मांडीला मांडी लावून बसलेला.

बाड छातीवर पेलवेना, म्हणून सुनेकडून स्पायरल सोडवून घेतलं. एकेक प्रकरण उशाशी. पहिल्यातच अहिल्याबाई इंदूरच्या राजवाड्यातून राज्य करताहेत! अरे, त्यांची राजधानी महेश्वर. इंदूर राजधानी झालं ते १८१८ मध्ये, मंदसोरच्या तहानंतर. तोवर बाईंना जाऊन २३ वर्षं झाली होती. इंदूरच्या माणसानं हे लिहावं? पेन्सिल धरवेना, नातवाला म्हटलं, इथे फुली मार. त्यानं हौसेनं तीन मारल्या.

पाचव्या प्रकरणात मात्र रेंगाळले. त्याची आजी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली, हिंदीचा गंध नाही. मास्तर कौतुकानं म्हणाले, "लड़का बड़ी चेष्टा करता है." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न! आजीनं मास्तरांसमोरच पोराच्या थोबाडीत दिली! आणि तिची मोडीतली हिशेबाची वही घरात आहे म्हणे. कुणाला वाचता येत नाही म्हणून दीड पानात उरकलीय. पूर्वजांच्या शौर्याला चाळीस पानं.

शेवटी बोलूनच निरोप पाठवला. "रविवारी ये, पण ती वही घेऊन ये. मोडी मला येते, डोळे अजून शाबूत आहेत. बाकीचं बाड संक्रांतीनंतर."

लगेच उत्तर: "म्हणजे मावशी, प्रस्तावना लिहाल ना?"

अंगठा नेमका आत्ताच ठणकायला लागलाय.