स्टेटस पेज हिरवंगार आणि वहिनींच्या ऑर्डरी बंद

आमच्या वहिनी घरी फराळ करून विकतात, बडोद्याला दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरातूनच, आणि त्यांची ऑर्डर घ्यायची छोटीशी वेबसाइट गेली तीन वर्षं मी सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय, एकदा चालू करून दिली आणि मग कोणी ओरडलं की बघायचं.

२० ऑक्टोबर २०२५, नरकचतुर्दशी. दुपारी तीनच्या सुमारास वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, सकाळपासून भाऊबीजेच्या बॉक्सची एकही ऑर्डर नाही आली, असं कधी होत नाही हो." साइट उघडून बघितली तर नुसतं गोल गोल फिरतंय. तेवढ्यात फोनवर सगळीकडे तेच, अॅमेझॉनचं क्लाउड, म्हणजे त्यांचे भाड्याने दिलेले सर्व्हर, पडलंय, स्नॅपचॅट बंद, कॅनव्हा बंद, अर्धं इंटरनेट बंद. खरं सांगतो, मला बरंच वाटलं. म्हटलं वहिनी, जगभर बंद आहे, आपल्या हातात काही नाही, आणि अजून एक चिरोटा उचलला.

दोनेक तास असेच घालवले मी. मग डोक्यात आलं की अरे, आपली साइट ज्या भाड्याच्या मशिनवर चालते तो सर्व्हर अॅमेझॉनकडे नाहीच! दुसऱ्या कंपनीचा आहे (नाव नाही घेत), आणि तोही मुंबईच्या डेटा सेंटरमधला. अॅमेझॉनचा घोळ अमेरिकेत व्हर्जिनियात होता, तिथे डायनॅमोडीबी या त्यांच्या डेटाबेसचा डीएनएस रेकॉर्डच (नावावरून मशिनचा पत्ता सांगणारी नोंद) रिकामा झाला होता, म्हणजे डेटाबेस जागेवर पण त्याचा पत्ताच कोणाला सापडेना. आणि मुख्य म्हणजे तो सुरू झाला आपल्या घड्याळात दुपारी सव्वाबाराच्या आसपास, आणि वहिनी म्हणत होत्या सकाळपासून. हे मी ऐकलं होतं पण ऐकलं नव्हतं. शेवटची ऑर्डर बघितली तर सकाळी ७:४० ची.

आमच्या सर्व्हरवाल्या कंपनीचं स्टेटस पेज, म्हणजे त्यांच्या सेवा चालू आहेत का ते दाखवणारं पान, उघडलं, सगळं हिरवंगार. आणि ते खोटं नव्हतं, हिरवं म्हणजे त्यांचं चालू आहे, तुमचं चालू आहे असं कुठे लिहिलंय तिथे. मग पिंग केलं, म्हणजे मशिनला नुसती हाक मारली, उत्तर नाही, पण त्यावरून काही ठरवू नका, बरेच जण पिंग फायरवॉलवरच (कोणाला आत सोडायचं ते ठरवणारा पहारेकरी) बंद ठेवतात, मीही ठेवलंय. एसएसएच केलं, म्हणजे दुरून मशिनमध्ये शिरायला गेलो, तर कनेक्शन टाइम्ड आउट. इथे शब्द नीट वाचायचे. टाइम्ड आउट म्हणजे पलीकडून हूं नाही की चूं नाही, एकतर मशिनच बंद किंवा फायरवॉल तुम्ही पाठवलेलं डेटाचं पॅकेट गुपचूप गिळतोय. रिफ्यूज्ड आलं तर मशिन जिवंत आहे पण त्या पोर्टवर (मशिनच्या त्या दारावर) कोणी ऐकत नाहीये. आणि परमिशन डिनाइड म्हणजे दारापर्यंत पोचलात, किल्ली चुकलीय. मी पूर्वी या तिन्हीला "सर्व्हर डाउन" एवढंच म्हणायचो.

मग कन्सोलवर, म्हणजे कंपनीच्या साइटवरच्या माझ्या खात्यात, लॉगिन करायला गेलो तर सहा आकडी कोड मागितला. तो कोड देणारं ऑथेंटिकेटर अॅप होतं जुन्या फोनमध्ये, आणि तो फोन दसऱ्याला एक्स्चेंजमध्ये देऊन बसलो होतो. पाच मिनिटं नुसता बसून राहिलो. वहिनींना म्हटलं, असं झालं तर वापरायचे रिकव्हरी कोड छापून कुठेतरी ठेवले होते बहुतेक, तर त्यांनी काही न बोलता गॅसचं बुक आणि एलआयसीचे कागद असतात ती प्लास्टिकची फाइल आणून दिली. दहा कोड, शाई जरा फिकट झालेली पण वाचता येत होती.

आत गेलो तर वर लाल पट्टी, पेमेंट थकलंय, अकाउंट सस्पेंड. कशासाठी, तर ११८० रुपयांसाठी! कार्ड सप्टेंबरमध्ये बदलून आलं होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून आपोआप पैसे कापायला एकदा ओटीपी देऊन ई-मँडेट करावं लागतं, मी जुन्या कार्डावर केलं होतं, नव्यावर केलंच नाही. कंपनीची चार इमेल आली होती, सगळी प्रमोशन्सच्या टॅबमध्ये, साड्यांच्या सेलखाली.

पैसे भरले, चाळीसेक मिनिटांनी सस्पेन्शन उठलं, मशिन स्टार्ट केलं. संपलं वाटलं ना? नाही. स्टॅटिक आयपी, म्हणजे मशिनचा न बदलणारा पत्ता, घेतलेला नव्हता, त्यामुळे बंद होऊन चालू झालेल्या मशिनला नवीनच आयपी मिळाला. त्या आयपीवर एसएसएच, परत टाइम्ड आउट, पण तोच ब्राउझरमध्ये टाकला तर ५०२ ही एरर आली, म्हणजे मशिन उठलंय, एनजिनएक्स (पुढे बसून ब्राउझरशी बोलणारा प्रोग्राम) उठलंय, मागचं अॅप झोपलंय. मग एसएसएच का नाही? कारण फायरवॉलमध्ये फक्त माझ्या घरच्या आयपीला परवानगी, आणि मागच्या आठवड्यात लाइट गेल्यावर राउटर रिस्टार्ट होऊन तोही बदलला होता. कन्सोलवरून तो नियम बदलला, आत शिरलो, अॅप चालू केलं, आणि या वेळी सिस्टीमसीटीएल इनेबल पण केलं, म्हणजे मशिन उठलं की ते आपोआप उठेल, जे तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

राहिला डीएनएस. ए रेकॉर्डमध्ये (साइटच्या नावापुढे आयपी लिहितात ती नोंद) नवा आयपी टाकला, पण टीटीएल (तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा तो आकडा) मीच कधीतरी ८६४०० ठेवलेला, म्हणजे सेकंदात, म्हणजे पूर्ण २४ तास. ज्याने जुना पत्ता लक्षात ठेवलाय तो तेवढा वेळ जुन्याच दारात जाणार. त्यामुळे वहिनींच्या फोनवर साइट दिसते आणि दादाला दुकानात दिसत नाही, तो फोनवर म्हणतोय "अरे तू केलंस काय नक्की," आणि माझ्या बाजूने याला काही उपाय नाही, थांबायचं फक्त. वहिनींनी तोपर्यंत नेहमीच्या गिऱ्हाइकांना व्हॉट्सअॅपवर यादी पाठवून दिली होती, माझ्या भरवशावर बसल्या नाहीत ते बरंच. रात्री साडेनऊला दादा येताना सेव उसळ घेऊन आला, मी लॅपटॉपसमोरच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाआधी दादाकडेही साइट दिसायला लागली. मग स्टॅटिक आयपी घेतला, टीटीएल ३०० केला, नव्या कार्डाचं मँडेट केलं, बिलाची इमेल वहिनींच्याही पत्त्यावर जोडली. वहिनींनी स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर १२ तारखेच्या चौकोनात दुधाच्या हिशोबाखाली लिहून ठेवलंय, "सर्व्हर ११८०, भाऊजींना विचारणे."