जुन्नरला एक रात्र तरी राहा

पुण्याहून जुन्नर साधारण ९५ किलोमीटर. बहुतेक पुणेकरांचा बेत ठरलेला असतो: पहाटे निघायचं, शिवनेरी चढायचा, लेण्याद्रीच्या गिरिजात्मजाचं दर्शन घ्यायचं, नारायणगावात जेवायचं आणि रात्री घरी. यातून जुन्नर गावाला काय मिळतं? पार्किंगचे आणि पाण्याच्या बाटल्यांचे पैसे. २०१८ मध्ये तालुक्याला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, जुलै २०२५ मध्ये शिवनेरी इतर अकरा किल्ल्यांसोबत युनेस्कोच्या यादीत गेला. पर्यटनावर गाव चालेल का, या प्रश्नावर माझं उत्तर असं: टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांची जागा ते घेणार नाही, पण पाहुणा मुक्कामी राहिला तर चांगला जोडधंदा नक्की होईल.

म्हणून मी फेरीचा क्रमच उलटा लावते. पहिल्या दिवशी सकाळी पाडळीजवळची तुळजा लेणी. तिथला चैत्य, म्हणजे प्रार्थनेचं दालन, गोल आहे, स्तूपाभोवती बारा अष्टकोनी खांब आणि वर घुमटाकार छत. जेवून नाणेघाट. घाटमाथ्यावरच्या दगडी रांजणात नाणी टाकू नका, रिकामी पाकिटं तर अजिबात नाही. गुहेत सातवाहन राणी नागणिकेचा ब्राह्मी शिलालेख आहे. समोरून मोबाइलचा उजेड मारला तर भिंत सपाट दिसते. टॉर्च भिंतीलगत धरून उजेड तिरपा सोडला की खाचांत सावली पडते आणि अक्षरं उठून येतात. अक्षरांना हात लावू नका, आधीच खूप झिजली आहेत. अंधार पडायच्या आत जुन्नरला परता. हा बिबट्यांचा मुलूख आहे, तिन्हीसांजेला उसाच्या कडेनं पायी फिरू नये.

दुसऱ्या दिवशी गर्दीच्या आधी, सकाळीच शिवनेरी. सात दरवाजे, शिवाई देवी, गंगा-जमुना टाकी, कडेलोटाचा कडा, सगळं नीट पाहायला तीन तास लागतात. १९ फेब्रुवारीला जाणार असाल तर उत्सवासाठी जा, किल्ला पाहायला वेगळा दिवस काढा. संकष्टीला लेण्याद्रीचंही तेच.

आता मुक्काम कुठे? मला सगळ्यात जास्त तळमळ वाटते ती जुन्या पेठांतल्या वाड्यांची. दोन खोल्या पाहुण्यांना दिल्या तरी वाडा स्वतःच्या दुरुस्तीचा खर्च काढू शकतो. अडतं ते कागदावर: उतारा सामाईक, एका भावाची सही नाही, की कर्ज थांबलं. आणि घाईत दुरुस्ती केली तर ती सिमेंटनं होते. चुन्यातल्या विटांवर सिमेंटचा गिलावा चढला की भिंतीतला ओलावा आतच कोंडतो, क्षार वर येतात, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे निघतात आणि विटेचा भुगा पडू लागतो. चुना आधी नीट मुरवावा लागतो. मग साधारण एक भाग चुना, तीन भाग वाळू, पातळ थर, आणि प्रत्येक थर काही दिवस पाणी मारून ओला ठेवायचा. वेळ जास्त, खर्च जास्त, जाणते गवंडी कमी. अनुदान द्यायचंच तर या कामाला द्यावं, कमानी आणि सेल्फी पॉइंटांना नाही.

मुक्काम ठरला की मासवडीचं आदल्या दिवशीच सांगून ठेवा. तीळ-खोबऱ्याचं सारण भाजायचं, बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, वड्या वळून कापायच्या. आयत्या वेळी सांगून हे होत नाही. आणि त्याचे पैसे थेट त्या घरातल्या बाईच्या हातात द्या.