सात बॅटऱ्या आणि एक झाड

सामानाची यादी वहिनीने केली होती, त्यामुळे कशाची कमतरता असण्याचा प्रश्नच नव्हता. अकरा माणसं, दोन गाड्या, चार तंबू, खाकऱ्यांचा डबा आणि सात बॅटऱ्या. काजवे बघायला निघालेल्या माणसांनी सात बॅटऱ्या घेऊ नयेत, हे तेव्हा कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

मे महिन्याचा शेवटचा आठवडा. शनिवार-रविवारी भंडारदऱ्याला गाड्यांची रांग लागते, म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरात अमावास्येच्या जवळचा मंगळवार शोधला. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं, आम्ही चौघं, नणंद आणि तिचा मुलगा, आणि चौऱ्याहत्तर वर्षांची आत्या. आत्याला न्यावं की नाही यावर आठवडाभर चर्चा झाली. ती संपायच्या आत आत्याची पिशवी भरून दाराशी आली होती.

सकाळी सहाला ठाणं सोडलं. शहापूरला वडापाव, मग कसारा घाट. घोटीला महामार्ग सोडून आत वळलं की रस्ता एकदम आपल्या ओळखीचा वाटायला लागतो. बारी गावापाशी कळसूबाई अगदी अंगावर येते. उंची 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, एवढं सांगितल्यावर धाकट्याने विचारलं, “मग वर बर्फ का नाही?” यावर दादाने दिलेलं उत्तर इतकं लांबलं की शेंडी गाव आलं तरी संपेना.

धरण पाहून मुलांचा पार हिरमोड झाला. फोटोत काठोकाठ भरलेलं निळं पाणी पाहिलेलं, आणि समोर भेगाळलेला गाळ, त्यात म्हशींच्या खुरांचे ठसे आणि पार खाली गेलेलं पाणी. 1926 साली बांधून झालेलं हे दगडी धरण हौशी लोकांच्या फोटोंसाठी बांधलेलं नाही. प्रवरेचं हे पाणी उन्हाळ्यात आवर्तनं सोडून खाली अकोले-संगमनेरकडच्या शेतांना जातं. आत्या म्हणाली, “उन्हाळ्यात माहेरवाशीण बारीकच दिसायची.” मुलांना काही कळलं नाही, वहिनी मात्र खूप हसली.

मुक्काम मुरशेतच्या बाजूला, एका घरामागच्या मोकळ्या रानात. तंबू लावण्याबद्दल जास्त लिहीत नाही, कारण लिहिण्यासारखं काही साधलंच नाही. मे महिन्यातला मुरूम म्हणजे जवळजवळ दगडच, खुंट्या आत जायच्याऐवजी वाकत होत्या. शेवटी घरच्या मावशींच्या मुलाने दगड आणून दोऱ्या त्यांना बांधल्या. त्याला दहा मिनिटं लागली, आम्हाला दीड तास लागला होता. तोवर मुलं करवंदांच्या जाळीत शिरली होती. परत आली तेव्हा ओठ जांभळे, हात ओरबाडलेले आणि नवीन टी-शर्ट कायमचे बाद.

जेवायला नागलीची भाकरी, पिठलं, कांदा आणि लसणाचा ठेचा. खाकऱ्यांचा डबा उघडायचं धाडस वहिनीलाही झालं नाही.

आठ वाजता चालत निघालो. रस्ता सोडून पायवाटेला लागलो आणि खरी गंमत सुरू झाली, कारण सातही बॅटऱ्या एकदम पेटल्या. पुढे चाललेला मावशींचा मुलगा थांबला. “बंद करा. जरा वेळ उभं राहा, मग दिसतं.” बंद केल्या. मुलांच्या अंगावर काटाच आला. आमच्या इमारतीत लाइट गेली तरी समोरच्या रस्त्याचा उजेड घरात येतो. इतका काळोख त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. धाकटा माझ्या दंडाला घट्ट बिलगला. वीसेक मिनिटांनी पायाखालची वाट, मग आत्याची पांढरी साडी, मग झाडांचे आकार दिसायला लागले.

आणि मग ते झाड. बेहडा असावा. आधी दोन-चार ठिणग्या, मग एक फांदी, आणि बघता बघता अख्खं झाड एकदम उजळायचं, एकदम विझायचं. शेजारचं झाड त्याच्यामागून. त्यात कसली घाई नव्हती, झाड श्वास घेतंय असं वाटत होतं. अकरा माणसांपैकी कुणीही बोललं नाही, हे आमच्या घराण्यात प्रथमच घडलं.

दादाच्या नववीतल्या मुलीने हळूच सांगायला सुरुवात केली. पोटाच्या टोकाशी ल्युसिफेरिन नावाचं रसायन असतं, त्याचा प्राणवायूशी संयोग होऊन उजेड पडतो, पण चटका जवळजवळ नसतो. लुकलुकत उडणारे बहुतेक नर, मादी एखाद्या जागी बसून चमकून उत्तर देते. माझा धाकटा म्हणाला, “म्हणजे आपण बॅटरी लावली की त्यांचं नेटवर्क जातं?” याहून चांगलं कुठल्याच माहितीफलकाला जमलं नसतं.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. फोन आला की मागचा फ्लॅश चमकावा अशी सोय त्याने करून ठेवली आहे. लखलख, लखलख. समोरच्या दोन फांद्या विझल्या. “सगळ्यात मोठा काजवा आपल्याच घरात निघाला,” नणंद म्हणाली. लांबच्या रस्त्यावरून एक गाडी प्रखर दिवे लावून गेली, तेव्हाही झाड काही क्षण गप्प झालं. त्या गाडीवाल्याला नावं ठेवायला आम्ही तोंड उघडलं खरं, पण सात बॅटऱ्यांची आठवण ताजी होती.

रात्री अकराला वारा सुटला आणि वळीव आला. दगडांना बांधलेले तंबू टिकले, पण त्यांत झोपायला कुणी नव्हतं. पहिल्याच थेंबांना आत्या उशी घेऊन मावशींच्या पडवीत गेली आणि तिच्यामागे एकेक करत आम्ही सगळे. ओल्या मातीचा वास, कौलांवरचा ताशा आणि मधूनच दादाचं घोरणं. कॅम्पिंग म्हणून ठरवलेली सहल अशी पडवीत पार पडली.

सकाळी धरणाला वळसा घालून रतनवाडीला गेलो. अमृतेश्वराच्या देवळावरचं कोरीवकाम उन्हाच्या तिरिपीत सुरेख दिसत होतं, पण मुलांचं सगळं लक्ष पुष्करणीतल्या बेडकांकडे. मीही आग्रह केला नाही.

निघताना वहिनीने बॅटऱ्या मोजल्या तर सहाच. शोधाशोध सुरू झाली, तेव्हा आत्या शांतपणे म्हणाली, “एक मी दिली त्यांना.” वहिनीला वाटलं, इथल्या माणसांना कशाला हवी बॅटरी, अंधाराची सवय असणार. मावशी ती उलटसुलट करून बघत होत्या. “लई उजेड पडतो हिचा,” त्या म्हणाल्या. “पावसात लाइट चार-चार दिस नसते. रातीचं गोठ्यात जायचं तर पायात काय येईल सांगता येतं का?”

वहिनीने गाडीतून सेलचं नवं पाकीट काढून त्यांच्या हातात ठेवलं.