उत्क्रांती मुलांच्या हातात देताना: आमची वाटचाल

बडोद्याच्या शाळांना परीक्षानळ्या, चंचुपात्रं, स्पिरिटचे दिवे पुरवणं हा माझ्या वडिलांचा धंदा. रावपुऱ्यात दुकान, मागे गोदाम. जून उजाडला की शाळांच्या याद्या यायच्या आणि उधारी दिवाळीपर्यंत वसूल होत राहायची. मी कामात लक्ष घालू लागले तेव्हा मात्र दुसऱ्याचा माल विकण्यापेक्षा आपण काही बनवावं, असं मनाने घेतलं. मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गाळा भाड्याने घेतला, जोडीला एक सुतार मिस्त्री मिळाले आणि प्रयोगपेट्यांचं काम सुरू झालं. चुंबकाच्या आणि विजेच्या पेट्या चांगल्या खपल्या. पण माझा जीव आहे तो उत्क्रांतीच्या पेटीवर.

हा धडा शाळेत बहुधा नुसता वाचून दाखवतात. नंतर मुलांना विचारावं तर उत्तर ठरलेलं: जिराफाने मान ताणली, म्हणून ती लांब झाली. प्राणी गरजेप्रमाणे स्वतःला बदलतो, ही समजूत फार चिवट आहे आणि कितीही समजावून सांगितलं तरी हटत नाही. एकटा प्राणी बदलत नाही. पुष्कळांमधले काही तगतात, त्यांना पिल्लं होतात, आणि पुढच्या पिढीत कोण किती, हे प्रमाण सरकतं. मुलांनी ते स्वतः मोजल्याशिवाय पटत नाही, असं माझं ठाम मत आहे.

म्हणून पेटीतला पहिला खेळ चोचींचा. नाजूक चिमटा, कपड्यांचा चिमटा, चमचा, पक्कड या चोची. ताटात मोहरी, मूग, काबुली चणे आणि गोखरू. प्रत्येक मुलाने एक चोच घ्यायची आणि ठरलेल्या वेळात आपला पेला खुणेपर्यंत भरायचा. ज्याचा भरला नाही तो बाद. जो तगला त्याच्याच चोचीची दुसरी चोच त्याच्या ‘पिल्लाला’ मिळते. दुष्काळाच्या फेरीत मोहरी-मूग काढून घ्यायचे, ताटात उरतात चणे आणि गोखरू. नियम एकच आणि तो कडक: हातातली चोच बदलायची नाही. दर वर्गात कोणीतरी ओरडतंच, “बेन, मला पक्कड द्या ना, ह्याने उचलत नाही!” शिक्षकांना मी सांगते, नेमकं तिथेच थांबा आणि विचारा, पक्ष्याला अशी चोच मागता येते का? वर्ग गप्प होतो. मग फळ्यावर प्रत्येक फेरीचा स्तंभालेख काढायचा. चमच्याचा स्तंभ खाली बसत जातो, पकडीचा चढत जातो.

गोखरू मी मुद्दाम निवडलं. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या दांपत्याने 1973 पासून गालापागोसच्या डॅफ्ने मेजर या बेटावर फिंच पक्ष्यांच्या चोची मोजल्या. 1977 च्या दुष्काळात बारीक बिया संपल्या आणि मध्यम भू-फिंच जातीचे बहुतेक पक्षी मेले. जे जगले त्यांच्या चोचीची जाडी आधीच्या सरासरीपेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर जास्त होती. पुढच्या पिढीच्या चोचीही जाड निघाल्या. त्या दुष्काळात उरलेली टणक, काटेरी फळं होती ट्रिब्युलस या वनस्पतीची. आपल्या मैदानात चपलेला टोचणारं गोखरू तिच्याच जवळच्या नात्यातलं. मुलांना हे कळलं की ती ताटातलं गोखरू उचलून पुन्हा निरखून बघतात.

2023 मध्ये दहावीच्या केंद्रीय पुस्तकात उत्क्रांतीचा भाग उरला नाही, तेव्हा 1800 हून अधिक शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी खुलं पत्र लिहून विरोध केला. आमच्याकडे शाळांचा प्रश्न साधा होता: परीक्षेला नाही, मग पेटी कशाला? त्या वर्षी गाळ्याचं भाडं चुंबकांच्या पेट्यांनीच भरलं. मार्ग दाखवला तो गणिताच्या एका बेननी. सरासरी आणि आलेख शिकवायला खरी आकडेवारी हवी, म्हणून त्यांनी चोचींचा खेळ नेला. तेव्हापासून आम्ही प्रत्येक पेटीत गणित, भूगोल आणि हस्तकलेच्या शिक्षकांसाठी वेगळी सूचनापत्रं घालतो, गुजरातीत आणि मराठीतही.

भूगोलाला दोरी आवडली. पृथ्वीचं वय सुमारे 460 कोटी वर्षं, म्हणून दोरी 46 मीटरची. एक मीटर म्हणजे दहा कोटी वर्षं. मैदानभर ती पसरून मुलं गाठी मारतात. डायनासोर संपले ती गाठ शेवटापासून 66 सेंटिमीटरवर येते. दख्खनच्या लाव्हाचे थर साचले ते याच सुमारास, आणि बडोद्याजवळचा पावागड डोंगर त्याच लाव्हाचा, हे ऐकून मुलं चमकतात, कारण देवीला सगळे जाऊन आलेले असतात. आपली, माणसांची, तीन लाख वर्षं शेवटच्या तीन मिलिमीटरमध्ये बसतात. तिथे पट्टी धरायला सगळ्यांची झुंबड उडते.

सध्या हाडांच्या संचावर काम चालू आहे: माणसाचा हात, वटवाघळाचा पंख, देवमाशाचं वल्हं. सगळ्यांत दंडाचं एक हाड, खाली दोन, मग मनगट, मग बोटं. मुलांनी सारखी हाडं एका रंगात रंगवायची. निळ्या देवमाशाचं वल्हं कापताना मिस्त्रीकाका म्हणाले, “ताई, चित्रात पाचवं बोट राहिलंय.” राहिलेलं नाही, त्याला चारच असतात. सयाजीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तो महीच्या मुखाशी सापडलेला. तो बघून मुलं वर्गात आली की त्यांच्यापुढे कच्छचे जुने देवमासे ठेवायचे. सुमारे साडेचार कोटी वर्षांपूर्वीच्या या देवमाशांना पाय होते. पायांची हाडं प्लायवूडमध्ये नीट उतरत नाहीत, फार बारीक कापावी लागतात, म्हणून आता शिसवीचे तुकडे वापरून पाहतो आहोत. किंमत थोडी वाढेल. सरकारी शाळांसाठी मात्र ती आम्ही वाढवणार नाही.