पावसाळ्यातला ताप आणि दिवसांचा हिशेब

फ्लू हा थंडीचा आजार आहे, ही समजूत काश्मीरपुरती खरी असेल. महाराष्ट्रात तो वर्षातून दोनदा डोके वर काढतो, एकदा जानेवारी ते मार्चमध्ये आणि पुन्हा ऐन पावसाळ्यात. २००९ साली स्वाइन फ्लूने देशातला पहिला मृत्यू झाला तो पुण्यातच, ३ ऑगस्टला. नेमक्या याच महिन्यांत कुंड्यांखालच्या बशा, गच्चीवरचे टायर आणि बांधकामावरची पिंपे यांत एडिस डासांची पैदास होते, त्यामुळे डेंग्यू, चिकुनगुनिया आणि क्वचित झिका यांचीही साथ फ्लूच्या जोडीने चालते. तरीही आपण प्रत्येक साथीकडे स्वतंत्रपणे, जणू शहरात त्या वेळी दुसरे काहीच चालू नसावे अशा रीतीने पाहतो.

पहिल्या दोन-तीन दिवसांत हे सगळे ताप जवळजवळ सारखेच दिसतात. खोकला आणि घशाची खवखव असेल तर फ्लूचा संशय बळावतो, सांधे धरले तर चिकुनगुनियाचा, डोळ्यांच्या मागे दुखत असेल तर डेंग्यूचा. परंतु या खुणांवर पूर्ण विसंबता येत नाही, कारण एकाच डासामुळे पसरणारे दोन विषाणू एकाच माणसाच्या शरीरात एकाच वेळी असू शकतात. जुलै २०२१ मध्ये पुरंदर तालुक्यातल्या बेलसर गावी राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, तेव्हा त्या महिलेला चिकुनगुनियाचीही लागण झालेली होती. गावात तापाचे रुग्ण वाढल्यामुळे नमुने पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेकडे गेले, म्हणून हे कळले. नुसत्या लक्षणांवरून ते कोणी ओळखले असते, असे मला वाटत नाही.

चाचण्यांचेही तसेच आहे. डेंग्यूची एनएस१ चाचणी, म्हणजे रक्तात विषाणूचेच प्रथिन शोधणारी चाचणी, साधारण पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते, तर आयजीएम प्रतिपिंडे, म्हणजे शरीराने विषाणूविरुद्ध तयार केलेली प्रथिने, त्यानंतर भरवशाने सापडतात; म्हणजे योग्य चाचणी चुकीच्या दिवशी केली तर अहवाल निर्दोष येतो आणि रुग्ण निर्धास्त होतो. २०२० मध्ये सिंगापूरमध्ये उलटा प्रकार घडला: दोन रुग्णांची डेंग्यूची झटपट रक्तचाचणी सकारात्मक आली आणि पुढे त्यांना कोविड असल्याचे निष्पन्न झाले.

हा गोंधळ केवळ नावाचा असता तर बिघडले नसते, पण उपचारांच्या वाटा इथेच फुटतात. फ्लूवरचे ओसेल्टामिविर पहिल्या ४८ तासांत सुरू केले तर त्याचा सर्वाधिक उपयोग होतो. चिकुनगुनियाच्या असह्य सांधेदुखीवर वेदनाशामक गोळी घेण्याचा मोह होतो, पण डेंग्यूची शक्यता निकालात निघेपर्यंत अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन घेणे रक्तस्रावाच्या दृष्टीने धोक्याचे असते. माझ्या मावशीने शेजारणीच्या सांगण्यावरून अशीच गोळी घेतली होती. तिला डेंग्यू नव्हता, हे तिचे नशीब. डेंग्यूचा खरा धोका तर ताप उतरू लागल्यावर सुरू होतो, आणि त्या वेळी घरातले सगळे ‘पेशी किती झाल्या?’ एवढेच विचारत बसतात, पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा विलक्षण ग्लानी यांकडे लक्षच जात नाही.

जून २०२४ मध्ये पुण्यातल्या एरंडवण्यात झिकाचे रुग्ण आढळले, तेव्हा गर्भवतींच्या तपासणीवर भर दिला गेला, आणि ते योग्यच होते, कारण झिकाची लागण झालेल्या बहुसंख्य लोकांना काहीच त्रास होत नाही, मात्र गर्भाच्या मेंदूची वाढ खुंटू शकते. ताप आलेल्या गर्भवतीची डेंग्यू चाचणी निर्दोष आली म्हणून तिला घरी पाठवणे पुरेसे नाही.

सार्वजनिक आरोग्याचे आकडे मात्र आजारागणिक मोजले जातात: डेंग्यूचे इतके, चिकुनगुनियाचे इतके. चाचणीच न झालेला किंवा भलत्या दिवशी झालेला ताप यांपैकी कोणत्याच रकान्यात बसत नाही, आणि माझ्या ओळखीतले पावसाळ्यातले बहुतेक ताप याच प्रकारचे असतात. प्रभागवार निदान न झालेल्या तापांचीही मोजणी व्हावी आणि प्रत्येक केसपेपरवर ताप सुरू झाल्याची तारीख ठळक लिहिली जावी, या दोन गोष्टींना धूरफवारणीच्या मानाने फारच थोडा खर्च येईल.